एकाच गिअरवर चालणारी होडी: गिअरबॉक्स कसा निवडायचा

१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी म्हणजे आपल्या कोळीवाड्यांतल्या यांत्रिक होड्यांचा दुरुस्तीचा हंगाम. खारदांडा असो, जुहू असो की वर्सोवा, होडी किनाऱ्यावर आली की रंग, फळ्यांच्या फटी, इंजिन, शाफ्ट, सगळं याच दोन महिन्यांत उरकायचं असतं. गिअरबॉक्स बदलायचा निर्णयही बहुतेक वेळा याच धांदलीत होतो आणि म्हणूनच तो घाईत होतो. दुकानात जो मिळतो, शेजारच्या होडीला जो बसवलाय, तोच आणला जातो. पुढची कित्येक वर्षं या घाईची किंमत डिझेलच्या बिलातून फेडावी लागते.

या निवडीचं महत्त्व समजायला रस्त्यावरच्या ट्रककडे पाहू. आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक होड्यांत बसलेलं इंजिन मुळात ट्रकच्याच घराण्यातलं असतं. अशोक लेलँडसारख्या कंपन्या आपल्या ट्रक-इंजिनांना समुद्राच्या पाण्याने थंड होणारी यंत्रणा जोडून ती होड्यांसाठी विकतात. इंजिनाचा जीव तोच, पण त्याच्यामागे जोडलेली पेटी मात्र पूर्णपणे वेगळी.

ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या हाताशी पाच, सहा किंवा नऊ गिअर असतात. माल भरलेला ट्रक बोरघाट चढताना खालच्या गिअरमध्ये येतो. इंजिन भरभर फिरतं, चाकं सावकाश फिरतात आणि ओढण्याची ताकद वाढते. सपाटीवर आल्यावर ड्रायव्हर वरचा गिअर टाकतो. गिअर निवडताना चूक झालीच, तर पुढच्या मिनिटाला ती सुधारता येते. होडीला ही सवलत नाही. तिथे पुढे जायला एक गिअर, मागे यायला एक आणि मध्ये न्यूट्रल. रिकामी होडी, भरलेली होडी, उधाणाची ओढ, समोरून येणारा वारा, सगळ्याला तोच एक गिअर. म्हणून तो एक आकडा विकत घेण्याआधीच बरोबर ठरवावा लागतो.

हा आकडा म्हणजे रिडक्शन, सोप्या शब्दांत फेरे कमी करण्याचं प्रमाण. गिअरबॉक्सवर ३:१ लिहिलं असेल, तर इंजिनाचे तीन फेरे झाले की पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर २:१ ला पंखा १००० फेरे घेईल आणि ३:१ ला सुमारे ६६७. या कमी-जास्त फेऱ्यांवर पुढचं सगळं गणित उभं आहे.

पाण्याला ढकलण्याचं काम मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा चांगलं करतो. लहान पंखा जोरात फिरवला तर तो थोड्या पाण्याला खूप वेगाने मागे फेकतो, त्यात बरीच ताकद वाया जाते. मोठा पंखा पुष्कळ पाणी हळू मागे ढकलतो आणि तेवढ्याच डिझेलमध्ये होडी जास्त रेटली जाते. जड, सावकाश चालणाऱ्या मासेमारी होडीला हा फरक फार जाणवतो. जाळं ओढणाऱ्या होडीला तर त्याहून जास्त.

आता पहिली पायरी. टेप घेऊन होडीच्या मागे, पंख्यापाशी जा. पंखा जिथे फिरतो तिथे वरच्या लाकडापासून किंवा फायबरच्या तळापासून खालच्या टोकापर्यंत किती जागा आहे ते मोजा. पंख्याचं पातं आणि होडीचा तळ यांच्यामध्ये पंख्याच्या व्यासाच्या किमान दहाव्या हिश्शाएवढी मोकळी जागा हवी, जास्त मिळाली तर उत्तमच. ३० इंची पंख्याला वर निदान ३ इंच. ही जागा कमी पडली की प्रत्येक पातं तळाजवळून जाताना पाण्याचा ठोका बसतो. होडी थरथरते, मागचे सांधे ढिले होतात आणि शाफ्टचं बुश लवकर झिजतं.

या मोजमापाला फार कमी जण वेळ देतात. लोक गिअरबॉक्स आधी घेतात, मग त्याला जुळणारा पंखा शोधतात आणि शेवटी कळतं की तेवढा पंखा होडीखाली मावतच नाही. क्रम उलटा हवा. होडीखाली किती मोठा पंखा मावतो ते आधी पाहायचं, तो पंखा किती फेऱ्यांना नीट चालतो ते त्यावरून काढायचं आणि त्यातून गिअरबॉक्सचं प्रमाण ठरवायचं. दुकानाची पायरी शेवटी येते.

दुसरी पायरी इंजिनाची पाटी वाचण्याची. तिच्यावर अश्वशक्ती आणि ती किती फेऱ्यांना मिळते हे दोन आकडे असतात. समजा, पाटीवर ८० अश्वशक्ती आणि २००० फेरे आहेत. ढोबळ सूत्रांनी पाहिलं तर एवढी ताकद १००० फेऱ्यांना पाण्यात उतरवायला साधारण २४ इंची पंखा लागतो. फेरे ६६७ वर आणले तर पंखा ३० इंचांच्या आसपास जातो. फेरे ५०० केले, म्हणजे ४:१ घेतला, तर ३६ इंचांच्या पुढे. हे आकडे दिशा दाखवण्यापुरतेच आहेत. नेमका पंखा पंखे बनवणाऱ्याकडून किंवा जाणत्या फिटरकडून काढून घ्यावा. पण होडीखाली ३० इंचच मावत असतील, तर ४:१ च्या पेटीवर जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही, हे आपल्याला घरबसल्या कळतं. आणि ३० इंची जागा असताना कोणी स्वस्तात मिळते म्हणून २:१ ची पेटी गळ्यात मारत असेल, तर तिला नाही म्हणता येतं.

तिसरी पायरी: आपली होडी नक्की काय काम करते? ट्रॉलर जाळं पाण्यातून तासन्‌तास ओढत असतो. वेग जेमतेम तीन-चार नॉट, पण इंजिनावर भार पूर्ण. त्याला जास्त प्रमाणाची पेटी आणि मावेल तेवढा मोठा पंखा हवा. डोल लावणाऱ्या होडीचं तसं नाही. डोलीचं जाळं खुंटांना बांधून प्रवाहात उभं असतं. बोंबील, जवळा, मांदेली त्यात ओहोटी-भरतीच्या पाण्याबरोबर येतात आणि इंजिनाचं काम मुख्यतः जाण्यायेण्याचं राहतं. गिलनेटची, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं सोडणारी होडीही बराच वेळ जाळ्याबरोबर वाहत असते. अशा होड्यांना प्रवासाचा वेग आणि डिझेल यांचा मेळ घालणारं प्रमाण पाहावं. तरी डोलकरांनी एक ध्यानात ठेवावं की उधाणाच्या दिवशी भरलेली होडी प्रवाहाविरुद्ध आणायची असते. भांगाच्या शांत पाण्यात घेतलेली चाचणी त्या दिवसाचा अंदाज देत नाही.

वेगाबद्दलची एक समजूत इथेच दूर करून टाकू. मोठं इंजिन आणि भारी गिअरबॉक्स घातला की होडी हवी तेवढी पळेल, असं अनेकांना वाटतं. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, साधारण कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. ३६ फुटांचं वर्गमूळ ६, म्हणजे सुमारे ८ नॉट. त्यापुढे होडी स्वतःच उभी केलेली लाट चढत राहते. डिझेल झपाट्याने वाढतं, वेग जवळजवळ वाढत नाही. म्हणून ८० अश्वशक्तीत ७ नॉट चालणाऱ्या होडीला ९ नॉटसाठी दुप्पट इंजिन घालण्याआधी विचार करावा. इंजिन बदलायचंच ठरलं, तर नोंदणी आणि परवान्याच्या कागदांतली अश्वशक्तीही मत्स्यव्यवसाय विभागाकडून बदलून घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

चौथी पायरी पेटीच्या ताकदीची. गिअरबॉक्सच्या माहितीपत्रकात एक लहानसा दशांश आकडा असतो: दर फेऱ्यामागे किती शक्ती ही पेटी पेलते. आपलं गणित सोपं आहे. ८० ला २००० ने भागलं की ०.०४. पेटीचा आकडा याहून मोठा हवा, आणि रोजच्या भाराच्या होडीला त्यावर वीस-पंचवीस टक्के राखीव ठेवावेत, म्हणजे ०.०५ च्या आसपास.

इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला मापाचा. काही पेट्यांचा आकडा अश्वशक्तीत असतो, काहींचा किलोवॉटमध्ये. १ किलोवॉट म्हणजे सुमारे १.३६ अश्वशक्ती. आपल्या ८० अश्वशक्तीचे किलोवॉट होतात ५९ च्या जवळपास आणि दर फेऱ्यामागे जवळपास ०.०३. एक आकडा एका मापात आणि दुसरा दुसऱ्या मापात घेऊन तुलना केली, तर पेटी उगाच मोठी तरी घेतली जाते किंवा धोकादायकरीत्या लहान. दुकानदाराला सरळ विचारा, हा आकडा कशातला?

दुसरा घोळ जास्त महाग पडतो. एकाच पेटीचे माहितीपत्रकात तीन-चार वेगवेगळे आकडे असतात: हौसेच्या नौकेसाठी सगळ्यात मोठा, मध्यम कामासाठी त्याहून कमी आणि अखंड भाराच्या कामासाठी सगळ्यात कमी. हौसेची नौका वर्षाला थोडे तास चालते, तीही बहुतेक वेळ अर्ध्या जोरावर. आपली होडी हंगामात रात्रंदिवस चालते. दुकानात जाहिरातीचा आकडा पहिला दाखवतात. आपण शेवटचा पाहायचा. शिवाय त्याच सांगाड्याच्या पेटीत प्रमाण वाढलं की पेलण्याची ताकद बऱ्याचदा कमी होते. २:१ मध्ये पुरणारी पेटी ३.५:१ मध्ये पुरेलच असं नाही, म्हणून आपल्याला हव्या त्या प्रमाणापुढचा आकडा बोट ठेवून वाचा.

ट्रकचाच जुना गिअरबॉक्स होडीत बसवला तर? हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं, कारण कुर्ल्याच्या बाजारात तो स्वस्तात मिळतो. न बसवावा हे बरं. ट्रकमध्ये चाकं रस्त्याला रेटतात आणि तो रेटा अ‍ॅक्सल आणि पाट्यांमार्फत चासीवर जातो. गिअरबॉक्सला फक्त पीळ सोसायचा असतो. होडीत पंखा पाण्याला मागे ढकलतो आणि त्याची उलटी ढकल शाफ्टमधून सरळ पेटीवर येते. सगळी होडी तिथूनच पुढे रेटली जाते. हा रेटा झेलायला होडीच्या पेटीत खास मजबूत बेअरिंग असतं, त्याला थ्रस्ट बेअरिंग म्हणतात. ट्रकच्या पेटीत त्या ताकदीचं बेअरिंग नसतं. मागे जाण्याचा गिअरही ट्रकमध्ये थोडा वेळ वापरायचा म्हणून केलेला. होडी धक्क्याला लावताना किंवा सागरी सेतूच्या खांबांजवळ प्रवाहात अडकल्यावर एका झटक्यात मागचा जोर लागतो, तिथे क्लच दाबून गिअर शोधत बसायला वेळ नसतो. आणि ट्रकच्या पेटीला चालताना वारा लागतो. होडीच्या बंद मशीनखणात ती तापत राहते.

पाचवी पायरी: हाताचा की तेलाच्या दाबाचा? हाताच्या, म्हणजे मेकॅनिकल पेटीत लिव्हरच्या जोराने क्लच घट्ट होतो. रचना साधी, दुरुस्ती गावातल्या गावात होते आणि लहान होडीला ती पुरते. पण क्लच वेळच्या वेळी कसावा लागतो. ढिला राहिला की घसरतो आणि जळतो. तेलाच्या दाबाच्या, म्हणजे हायड्रॉलिक पेटीत आतला पंप तेलाचा दाब तयार करतो आणि तो दाब क्लचच्या प्लेटा आवळतो. लिव्हर बोटाने हलते, मोठं इंजिनही सहज पेलतं. मात्र तिला स्वच्छ तेल, चालू कूलर आणि दाब दाखवणारं घड्याळ लागतं. चार सिलिंडर आणि त्यावरच्या होडीला मी हायड्रॉलिकच सुचवेन, पण दाबाचं घड्याळ तांडेलाला बसल्या जागेवरून दिसेल असं लावून घ्यावं.

हायड्रॉलिक पेटीची एक खोड तांडेलांना माहीत असायला हवी. इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्या होडीने दोर लावून ओढत आणलं, तर पाण्यामुळे पंखा आपोआप फिरत राहतो. इंजिन बंद, म्हणून पंपही बंद, म्हणून बेअरिंगांना तेल नाही. तासाभरात पेटी खराब होऊ शकते. ओढायला घेण्याआधी कपलिंगला दोर किंवा साखळी बांधून शाफ्ट अडवून टाकावा. कपलिंग म्हणजे पेटीचा आणि पंख्याचा शाफ्ट जोडणाऱ्या दोन जाड तबकड्या. काही पेट्या अशा फिरण्याला चालतात, तसं पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

सहावी पायरी फिरण्याच्या दिशेची. होडीच्या मागे उभं राहून पुढे पाहा. होडी पुढे जाताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर तो उजवा, उलटा फिरत असेल तर डावा. पंख्याच्या मधल्या गोळ्यावर व्यास आणि पिच यांच्या आकड्यांशेजारी हे कोरलेलं असतं. नवी पेटी जुनीपेक्षा उलटी फिरवणारी निघाली, तर होडी पुढचा गिअर टाकल्यावर मागे जाते. मग काही जण लिव्हरची तार उलटी जोडतात आणि मागच्या गिअरवर वर्षानुवर्षं पुढे जातात. पेटी दोन्ही दिशांना सारखाच भार पेलणारी असेल तरच हे चालतं. नसेल, तर तो गिअर रोजच्या कामासाठी केलेलाच नाही आणि लवकर झिजतो. पेटी घेतानाच पंखा उजवा की डावा ते सांगावं.

पिच म्हणजे पंखा घट्ट पदार्थात स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात किती पुढे गेला असता ते अंतर. २० इंच पिच आणि ६६७ फेरे धरले तर मिनिटाला सुमारे १११२ फूट, म्हणजे ११ नॉट. पण पाणी निसटतं, म्हणून जड होडीला प्रत्यक्षात ७ च्या आसपास मिळतात. हा हिशोब आधी कागदावर केला की नव्या पेटीबरोबर जुना पंखा चालेल की नाही ते समजतं. पेटीचं प्रमाण बदललं आणि पंखा तोच ठेवला, तर बहुतेक वेळा दोन्हींचा मेळ बसत नाही. बजेटमध्ये पंख्याचे पैसे सुरुवातीलाच धरा.

जुनी पेटी घ्यायची असेल तर रे रोडच्या दारूखान्यात, जुन्या जहाजांच्या सामानात, चांगल्या पेट्या मिळतात. फक्त नीट पाहून घ्याव्या. पाटी नसलेली पेटी घेऊ नये, कारण प्रमाण आणि ताकद दोन्ही अंदाजावर जातात. पाटी पुसली असेल तर पुढचा शाफ्ट हाताने फिरवून मागचा किती फिरतो ते मोजलं की निदान प्रमाण कळतं. त्यासाठी पेटीला गिअर लागलेला असावा लागतो आणि हायड्रॉलिक पेटीत हे हाताने सहजी होत नाही. मागची तबकडी दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा, जाणवण्याइतका खेळ असेल तर बेअरिंग गेलेलं आहे. मग तेलाची कांडी काढा. तेल चहासारखं दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय, बहुधा कूलरच्या फुटलेल्या नळीतून, आणि समुद्राचं पाणी आत काही महिने राहिलं असेल तर गिअरच्या दातांवर गंज आलेला असतो. तेलात चमचमणारी भुकटी असेल तर दात किंवा प्लेटा झिजताहेत. तेल नुकतंच बदलून ठेवलं असेल, तर तळाचा बोल्ट काढून त्याला काय चिकटलंय ते पाहायला सांगा. विकणारा तयार नसेल तर पुढच्या दुकानात जावं.

आता बसवण्याची पायरी, जिथे चांगल्यातली चांगली पेटी वाया जाऊ शकते. पेटीचा शाफ्ट आणि पंख्याचा शाफ्ट एका सरळ रेषेत असायला हवेत. कपलिंगच्या दोन तबकड्या बोल्ट न लावता एकमेकींना अलगद टेकवतात आणि फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी, मधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजतात. चारही ठिकाणच्या फटींत फरक किती चालतो? सर्वमान्य ठोकताळा असा की तबकडीच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच. ५ इंची तबकडीला ५ हजारांश, म्हणजे सव्वादशांश मिलिमीटरच्या आसपास. कागदाच्या एका पानापेक्षा थोडं जास्त. इंजिनाच्या पायांखाली पत्रे सारून ही फट जुळवतात.

हे काम होडी किनाऱ्यावर टेकलेली असताना पूर्ण झालं असं मानू नका. लाकडी होडी ओंडक्यांवर असताना एका आकाराची असते आणि पाण्यात उतरली की थोडी वाकते. किनाऱ्यावर ढोबळ जुळवणी करा, पण शेवटची जुळवणी होडी पाण्यात तरंगून दोन-तीन दिवस झाल्यावर, टाकीत डिझेल असताना. बंदी उठायच्या आदल्या दिवशी होडी उतरवली तर यासाठी दिवस उरत नाहीत. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होडी पाण्यात असली पाहिजे, त्या हिशोबाने पेटीची खरेदी जूनमध्येच उरकावी.

सगळं जुळलं की चाचणी. होडीत बर्फ आणि डिझेल भरून, रोजच्या वजनावर, मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या आणि फेऱ्यांचं घड्याळ पाहा. इंजिन पाटीवरच्या २००० फेऱ्यांना पोहोचलं पाहिजे. १७०० वर अडकलं आणि धुराड्यातून काळा धूर आला, तर पंखा इंजिनाला जड होतोय. पिच कमी करून घ्यावी लागेल, किंवा पेटीचं प्रमाण कमी पडलंय. अशा अवस्थेत हंगाम काढला तर इंजिन तापून पिस्टन-लायनरला फटका बसतो. उलट, थ्रॉटल थोडं दिलं तरी फेरे सहज टोकाला जात असतील आणि होडीला जोर नसेल, तर पंखा हलका आहे. ट्रॉलरची चाचणी जाळं ओढतानाही घ्यावी, नुसत्या पळण्यावर विसंबू नये.

पेटी पहिले काही तास चालली की हात लावून पाहण्यापेक्षा तापमान मोजून घ्या आणि पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडा. साधारण ५० तासांनी पहिलं तेल बदला, कारण नव्या दातांची घासणी त्यात उतरलेली असते. त्याच वेळी कपलिंगचे बोल्ट सोडून फट पुन्हा मोजा. इंजिनाचे पाय तोवर आपल्या जागी बसलेले असतात आणि पहिल्यांदा जुळवलेली फट थोडी हललेली सापडते. ती जुळवून बोल्ट आवळले आणि दोन्ही वेळची मापं तारखेसह होडीच्या वहीत लिहून ठेवली, की पुढच्या पावसाळ्यात फिटरला कुठून सुरुवात करायची ते कळेल.